बॉनेटले हात लावू नका

रऊफमियांची बहीण सकाळी कामरगावात वारली. जनाजा दुपारच्या नमाजानंतर होता, आणि त्यांच्या पोरानं, नोमाननं, हप्त्यांवर घेतलेली कोरी गाडी तिकडे जाताना वाटेत इंझोरीजवळ बंद पडली.

रऊफमियांनी वीस वर्षं जुनी जीप स्वतःच दुरुस्त करत चालवली होती. तीच विकून नोमाननं ही आणली. म्हातारा बाह्या सारून खाली उतरला.

"बॅटरीची तार ढिली असंन. पाना दे."

"अब्बा, बॉनेटले हात लावू नका. वॉरंटी जाईन. अजून चार वर्षं हप्ते भराचे हायेत."

"माह्या बहिणीची मिट्टी हाय रे."

"कंपनीचा मानूस येऊन राह्यला ना. हे काय तुमचं खटारं नाही, कुठंही ठोकाले."

रऊफमियां परत गाडीत जाऊन बसले. दोन तासांनी माणूस आला. त्यानं बॅटरीची तार आवळली आणि गाडी सुरू झाली. पाच मिनिटंही लागली नाहीत. नोमानची मान वर होईना. एका कागदापायी त्यानं बापाला सख्ख्या बहिणीच्या मातीपासून अडवलं होतं.

ते पोचले तेव्हा लोक कबरस्तानातून परतत होते. बहिणीच्या नवऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "मूठभर माती द्याले बी नाही आले भाईजान. काहून?"

"मलेच घरून निघाले उशीर झाला," रऊफमियां म्हणाले.

नोमान त्यांच्या बाजूलाच उभा होता. खरं काय ते सांगायला हलकटाचं तोंड उघडलं नाही.