मिरच्यांचा ठसका

त्या रविवारी आई ओसरीत बसून माझे केस सोडवत होती. आदल्या दिवशी मी नांदेडहून घरी आले होते. विद्यापीठात माझं एम.ए.चं दुसरं वर्ष चालू होतं. वसतिगृहात मी कितीतरी दिवस केसांना फणी लावली नव्हती. फणी हातात घ्यायची, एवढंच काम. तेही होत नसे.

"जटा होऊन राहिल्या की गं. काहून, फणी इकून खाल्ली का?"

"परीक्षा हाय ना, आई."

"परीक्षा डोक्याच्या आत असती. वर काय तिचं?"

अप्पा समोर हळदीचे गड्डे निवडत होते. "हळू वढ," ते म्हणाले, "फणीसंगं डोकंच यील हातात."

मी हसले. हसायला हवं, हे मला कळत होतं.

मग आईनं माझी दृष्ट काढली. मी घरी आले की ती काढायचीच. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. नजर लागलेली असली की मिरच्या जळल्या तरी ठसका येत नाही, असं आमच्याकडं धरतात. त्या दिवशीही तो आला नाही. त्या वर्षात एकदाही आला नव्हता.

"कोन नजर लावून राहिलं एवढी?" अप्पा म्हणाले. "होस्टेलच्या समद्याच पोरी का?"

आई हसली नाही. माझी हनुवटी धरून म्हणाली, "लेकरा, तुला काय होऊन राहिलं, खरं सांग."

नैराश्य हा शब्द मला ठाऊक होता. त्यावर मी पुष्कळ वाचलंही होतं. पण चुलीपुढं बसलेल्या आईला तो कसा सांगायचा, ते कुठं वाचलं नव्हतं.

"कायबी न्हाई," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात वाळत घातलेली हळद उलटवताना आई एकाएकी खाली कोसळली. वसमतच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तेरावा झाला तरी मी नीट जेवत नव्हते, झोपत नव्हते. आता त्याचं कोणाला नवल वाटत नव्हतं. बाया पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, आईवर लई जीव पोरीचा. जीव होताच. पण हे जडपण मला ओळखीचं होतं. ते मी नांदेडहून सोबत आणलं होतं. आता त्यावर आईचं नाव पडलं होतं आणि कोणी काही विचारत नव्हतं.

निघायच्या दिवशी मनकर्णामावशीनं, आईच्या धाकट्या बहिणीनं, माझी दृष्ट काढली. मिरच्या चुलीत पडल्या आणि ओसरीतल्या सगळ्यांना ठसका लागला. अप्पा खोकत खोकत डोळे पुसू लागले.

"बगा दाजी," मावशी म्हणाली, "नजर-बिजर न्हाई. दुख हाय आईचं. वरीस सरलं की हलकं व्हईल."

"व्हय," अप्पा म्हणाले. "व्हईल हलकं." किती दिवसांनी त्यांना कशाचा तरी धीर आला होता.

तो मोडायची इच्छा नव्हती. मी चुलीकडं बघत राहिले. मिरच्या काळ्या पडल्या होत्या.

"अप्पा, आई गेली म्हणून न्हाई हे," मी म्हणाले. "तिच्या आधीपासून हाय. तिनं इचारलं व्हतं. मला बरं न्हाई, अप्पा. लई दिवसांपासून बरं न्हाई."