क्लचवरचा पाय

शेडमध्ये दोन इंजिनं शेजारी शेजारी पडली होती आणि माझा नवरा नोलन कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होता. आमच्या चिखलगाडीचं जुनं इंजिन चिखलातल्या गेल्या शर्यतीत फुटलं होतं. नवीन कुठलं बसवायचं, यावरून आठवडाभर घरात धुसफूस चालली होती. एक होतं धान्याच्या ट्रकमधून काढलेलं बिडाचं अजस्र धूड, सोबत हाताने गिअर टाकायचा गिअरबॉक्स. दुसरं एका ठोकलेल्या पिकअपमधलं, हलकं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससकट.

"ऑटोमॅटिक बसवू या," मी म्हणाले. "नाक जड झालं की गाडी चिखलात तोंड खुपसते. आणि गिअर बदलताना चाकं जरा मंदावली, की बसलीच म्हणून समज."

"ऑटोमॅटिक म्हाताऱ्यांना असतं, एर्लिन. चर्चला जायला."

"मग तुझ्यासाठीच आहे की!"

माझा दीर क्लोव्हिस खो खो हसला. नोलन हसला नाही.

मला ऑटोमॅटिक का हवं होतं, याचं खरं कारण आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. गोदीत लोखंडी पत्रा पायावर पडल्यापासून नोलनचा डावा गुडघा भरवशाचा राहिला नव्हता. जरा जोर दिला की थरथरायचा आणि मग अचानक ढिला पडायचा. क्लच दाबायचा तो नेमका त्याच पायाने. पण त्या पायाबद्दल घरात ब्र काढायची सोय नव्हती. पायऱ्यांपाशी आलं की तो म्हणायचा, "तू हो पुढे, मी आलोच." मला राग यायचा, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटायची.

शेवटी त्याचाच हट्ट खरा झाला आणि धूड बसलं. इंजिनाचे टेकू मीच वेल्ड केले आणि प्रत्येक टाक्याला त्याला एकेक शिवी हासडली. शेडमध्ये चालू करून पाहिलं, तर पहिला गिअर पडला झटकन, पण निघेना. दोन्ही हातांनी हिसके दिल्यावर कुठे निघाला.

"हा गिअरबॉक्स दगा देणार," मी म्हणाले.

"चिखलात भलेभले नरम पडतात," नोलन म्हणाला.

क्लोव्हिसच्या घरामागच्या तळ्यात पाळलेले क्रॉफिश, गोड्या पाण्यातले झिंगे, काढून झाले होते. पाणी सोडून दिल्यावर मागे उरलेल्या चिखलात नोलनने गाडी घातली. दोन फेऱ्या अशा मारल्या की काठावर मीसुद्धा ओरडले. खिडकीतून त्याचा हसरा चेहरा दिसला आणि वाटलं, चुकलं माझंच, या माणसाला अजून सगळं जमतंय. तिसऱ्या फेरीत गाडी आसापर्यंत रुतली.

क्लोव्हिसने समोरच्या काठावर ट्रॅक्टर लावला. टोचनचा पट्टा घेऊन मी चिखलात उतरले. आमच्याकडे रुतलेल्या गाडीचं इंजिन कोणी बंद करत नाही. सायलेन्सरमधून पाणी आत शिरलं की इंजिन गेलंच, आणि वर वर्षभर गावाची टिंगल ऐकायची.

"न्यूट्रल आहे ना?" मी ओरडले.

नोलनने मान डोलावली.

मी मांडीपर्यंत चिखलात, गाडीच्या नाकासमोर वाकलेली. हूक चिखलाने भरला होता, तो बोटांनी साफ करत होते. तेवढ्यात बाजूचं चाक हललं. अगदी किंचित. मग बंपर माझ्या खांद्याला टेकला.

मी वर पाहिलं. काचेमागे नोलनचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याचे हात स्टिअरिंगवर नव्हते. दोन्ही हातांनी तो डावा गुडघा दाबून धरत होता. गिअर निघालाच नव्हता. चिखलाने भरलेले ब्रेक धरत नव्हते; तो गाडी नुसत्या क्लचवर धरून बसला होता आणि पाय सुटत चालला होता.

मी पाय उपसू लागले. बूट निघेना. चाकाने चिखल उडवला आणि बंपर छातीवर आला. बाजूला सरकायलाही जागा नव्हती. ट्रॅक्टरच्या आवाजात क्लोव्हिसला यातलं काहीच कळत नव्हतं.

"बंद कर!"

नोलन माझ्याकडे बघत राहिला. इंजिन बंद करायचं बटण दाबायचं तर गुडघ्यावरचा एक हात सोडावा लागणार होता. हात सुटला की पाय सुटणार आणि गाडी माझ्या अंगावर येणार. आधी काय होईल, कोण सांगणार?

"नोलन, मेल्या, बंद कर!"

त्याने हात सोडला. गाडीने धक्का दिला आणि मी मागे चिखलात बसले, बंपर माझ्या हनुवटीला लागलेला. आणि सगळं थांबलं. मग सायलेन्सरमध्ये पाणी गुडगुडत शिरताना ऐकू आलं.

क्लोव्हिसने आधी मला ओढून काढलं, मग गाडी. मी तशीच, एका पायात बूट, दरवाजाकडे धावले. दरवाजा उघडला आणि हात उगारला. आज त्याला सोडणार नव्हते.

नोलन गुडघ्याकडे बघत बसला होता.

"न्यूट्रल नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, पाय तेवढा धरेल."

माझा हात अजून वरच होता.

"दुसरं इंजिन बसव. ऑटोमॅटिकवालं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एर्लिन, हात दे जरा. मला उतरता येत नाहीये."

थोबाडीत द्यायला उगारलेला हात मी त्याच्या काखेखाली घातला.