पुसलेली ब्रँच

सकाळी पावणेदहा वाजता सर्व्हरवरून एक ब्रँच, म्हणजे मुख्य कोडपासून वेगळी ठेवलेली कामाची प्रत, पुसली गेली. पुसणारा टीमचा लीड होता. ऑफिसात त्याला त्याच्या मागे हेडमास्तर म्हणतात. त्या ब्रँचमध्ये जिचं काम होतं, ती त्याची सख्खी धाकटी बहीण.

प्रत्येक रिलीजच्या सकाळी तो अशी सफाई करतो. रिव्ह्यू होऊन मुख्य कोडमध्ये न गेलेल्या ब्रँच टर्मिनलवर एका ओळीची कमांड देऊन उडवतो. कुणाचं काही बिघडत नाही, कारण ज्याची त्याची प्रत ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर असतेच. पण बहिणीचा लॅपटॉप आदल्या दिवशी बदलला होता आणि जुना कोरा करून टाकला होता. काम सर्व्हरवर आहे म्हणून ती निर्धास्त होती. नव्या लॅपटॉपवर कोड उतरवायला बसली, तर ब्रँचच नव्हती. बॅकअप फक्त मुख्य कोडचा होता.

तिचं कंत्राट महिनाअखेरीस संपतं. संध्याकाळच्या डेमोत तिचा भाग चालला तर तिला कायम करणार होते. नाही चालला तर काम बाहेरच्या टीमकडे जाणार होतं.

"माझी ब्रँच कुणी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली होती का?" तिने सगळ्यांना विचारलं.

"मी तर स्वतःची घ्यायलाही विसरतो," टेस्टर म्हणाला. कुणी हसलं नाही.

मॅनेजर बाई लीडकडे वळल्या. "तिच्या कोडचा रिव्ह्यू तुमच्याकडे होता ना?"

"होता, पण उघडलाच नाही. सोमवारी मीटिंगमध्ये बोललोच होतो, तिचं काम माझ्यापर्यंत वेळेत आलं नाही."

बहीण त्याच्या मागोमाग जिन्यात गेली. आईला कुणी सांभाळायचं यावरून दोघांचं वाजलं होतं. तेव्हापासून आई बहिणीकडे राहते, भाऊ फोन करतो, आणि ऑफिसात दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलतात.

"दादा, रविवारी आईला फोन केला होतास."

"मग? तेही करू नको?"

"माझा कोड तुझ्यापेक्षा नीट आहे म्हणालास. न वाचताच?"

"म्हातारीला बरं वाटावं म्हणून बोललो."

"मध्येच लाइन तुटली तर माझ्या कोडमध्ये काम आपोआप तिथूनच पुढे सुरू होतं, हे आईला कुणी सांगितलं? मी नाही सांगितलं. शेजारणीला कौतुकाने समजावत होती."

तो वर जायला वळला.

"तुझ्या मशीनवर आहे, दादा. एक पुश मार, सर्व्हरवर परत येईल. मी पुढे काही विचारणार नाही."

"तू नाही विचारणार. बाई विचारतील. उघडलाच नव्हता, तर आता आलं कुठून? सगळ्यांसमोर बोलून बसलोय मी."

"म्हणजे आहे तुझ्याकडे."

"मी तसं म्हटलेलं नाही. जा, सांग बाईंना. साक्षीला कुणाला आणशील, आईला?"

"तिचे गुडघे हा जिना चढत नाहीत. तू घरी आला असतास तर कळलं असतं."

"आईला मध्ये आणू नकोस."

"आई माझ्याच घरात आहे. मध्ये कुठून आणू?"

तो वर निघून गेला.

जेवणानंतर चार्जर मागायला टेस्टर लीडच्या टेबलापाशी गेला. टर्मिनलवर पुशची कमांड लिहिलेली होती आणि शेवटी बहिणीच्या ब्रँचचं नाव होतं. एंटर दाबलेलं नव्हतं. टेस्टरने चार्जर घेतला आणि जागेवर येऊन बसला. मग त्याने पाहिलं ते बहिणीला सांगितलं. बाईंना सांगशील का, असं तिने विचारलं.

"माझंही कंत्राटच आहे गं," तो म्हणाला.

चार वाजता मॅनेजर बाईंनी बाहेरच्या टीमला फोन लावला. एंगेज आला. लीड लॅपटॉप मिटून, काखेत घेऊन डेमोच्या तयारीला गेला.

साडेचारला बहिणीने सर्व्हर पुन्हा तपासला. नवीन काही आलेलं नव्हतं. फोन वाजत होता, आईचा होता. तिने तो अजून उचललेला नाही.