धुळ्याचा माणूस

पहिल्या रविवारी तोतारामला तो केबलचोर वाटला. सावद्याच्या पुढं, सातपुड्याकडं जाणाऱ्या गाडरस्त्याला लागून तोतारामची केळीची बाग आणि बागेच्या कडेलाच घर. विहिरींवरच्या मोटारींच्या केबली त्या भागात चोरीला जातात हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळं सकाळी सकाळी आपल्या बांधावर एक माणूस पोटावर पडून केळीत डोकावताना दिसला, तेव्हा तोतारामनं आधी विहिरीकडं धाव घेतली. केबल जागेवर होती. परत आला तर माणूसही जागेवर होता. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेली चड्डी, शेजारी आडवी टाकलेली जाड टायरची सायकल आणि डोळ्याला हातभर लांब कॅमेरा. एवढं नटूनथटून कोणी चोरीला येत नाही, हे तोतारामला पटलं. पण मग हा आलाय कशाला?

त्यानं हाक मारली. माणूस दचकून उठला, माती झटकली, ओशाळं हसला. काही नाही काका, फोटोचा नाद आहे, म्हणाला. कशाचा फोटो, असं विचारल्यावर त्यानं बागेकडं मोघम हात फिरवला, निसर्गाचा म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकून दगडगोट्यांवरून उडत गेला.

आता केळीच्या बागेत निसर्ग तो काय असणार? रांगेनं लावलेली झाडं आणि मधून ठिबकच्या नळ्या. तोतारामचा जन्म केळीत गेला होता आणि त्याला तिथं निसर्ग म्हणून कधी काही दिसलं नव्हतं.

चहा पिता पिता त्यानं हे बायकोला सांगितलं. सुमनबाईनं कपबशी खाली ठेवली.

"परवाच धुयाचे येऊन गेले, अन् आज हा. तुमाले काहीच वाटत नही का?"

झालं. तोतारामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धुळ्याचे नवलभाऊ आपल्या मुलासाठी, चंदनसाठी, तोतारामच्या मुलीला, भूमिकेला, बघून गेले होते. माणसं लांबच्या नात्यातली, मुलगा बँकेत, निर्व्यसनी. पोहे खाल्ले, गोड बोलले आणि घरी विचारून कळवतो म्हणून गेले. आणि कळवायच्या आधी चौकशी होते, ती समोरच्याला कळू न देता होते, हे तोतारामला कोणी शिकवायला नको होतं. थोरल्या मुलाच्या वेळी त्यानं स्वतःच आपल्या भावाला, पुनाला, म्हैस घ्यायची आहे असं सांगून मुलीच्या गावाला पाठवलं होतं. पुना दोन दिवस तिथं मुक्काम ठोकून जेवला आणि मुलीच्या आईचा आवाज मोठा आहे, एवढी एकच बातमी घेऊन आला. आपण म्हशीचं गिऱ्हाईक पाठवलं, धुळेवाल्यांनी सायकलवाला पाठवला. शहरातली माणसं, त्यांची सोंगं पण शहरी.

हा विचार आल्यापासून तोतारामचं जेवणात लक्ष लागेना, कारण त्या घरात चौकशीला सापडेल असं एक होतं. दोन वर्षांपूर्वी भूमिकेचा साखरपुडा झाला होता आणि तो तिनं मोडला होता. मुलगा चांगला शिकलेला, पण त्याला सारखा संशय. ही शेतात असली, मैत्रिणीकडं असली, बाजारात असली की फोन यायचा, आहेस तिथला फोटो काढून पाठव, शेजारी कोण आहे तेही दिसू दे. एक दिवस तिनं फोटोऐवजी अंगठी परत पाठवली. तोताराम तेव्हा तिला एका शब्दानं रागावला नाही, आणि एका शब्दानं बरं केलंस असंही म्हणाला नाही. गावात मात्र त्यानं सांगितलं की मुलाकडच्यांनीच मोडलं. मुलीला नकार आला तर लोक हळहळतात, मुलीनं नकार दिला तर लोक मुलीकडं बोट दाखवतात, हा त्याचा हिशेब. नवलभाऊंना तर त्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. हे स्थळ हातचं गेलं तर पोरीचं पुढं काय, या एका धास्तीनं त्याची झोप उडाली.

पुढच्या रविवारसाठी घरानं कंबर कसली. अंगण शेणानं सारवलं. पुनाला रविवारी इकडं फिरकायचं नाही अशी ताकीद मिळाली, कारण त्याच्या पोटात दोन घोट गेले की तोंडात काही राहत नाही. आणि भूमिकेला घरात बसायला सांगितलं. रविवारी गडी येत नाही, म्हणून ट्रॅक्टर ती चालवायची, ठिबकचे व्हॉल्व्ह ती फिरवायची, डोक्याला रुमाल बांधून पाटात उतरायची. ते सगळं बंद. धुळ्याच्या माणसाला ती दिसलीच तर धुतलेल्या ड्रेसमध्ये, हातात ट्रे घेऊन दिसली पाहिजे. भूमिका म्हणाली, त्याला सरळ जाऊन विचारा ना कोण आहे म्हणून. सुमनबाई म्हणाली, विचारलं की त्यांना कळणार आपण ओळखलं, मग म्हणतील यांच्या मनात काहीतरी आहे.

तो आला. तोताराम चहा घेऊन बांधावर गेला तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं. माणूस कोणाच्या बांधावर पडलाय आणि गप्प कोणाला करतोय! तोताराम निमूट मागं फिरला. कॅमेऱ्याचं तोंड सरळ घराकडं होतं, एवढं त्यानं बघून घेतलं. सायकलच्या दांड्यावर दीपनगर सायकल ग्रुप असं चिकटवलेलं होतं. सुमनबाईनं ते ऐकलं आणि मान हलवली. धुळ्याचा माणूस धुळ्याचं नाव लावून कशाला येईल?

त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं आपणहून विचारलं, काका, या ओळीत घरातलं कोणी रोज येतं का? वाळकी पानं कापायला वगैरे? तोतारामनं पहिला प्रश्न ऐकला आणि त्याचे कान तापले, दुसरा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. घरातलं कोण कुठं जातं हे आता तोंडावर विचारायला लागले! कोणी येत नाही, असं तो घाईनं म्हणाला. तर त्या माणसाचा चेहरा उजळला. तोतारामनं तेही मनात नोंदवलं. एकदा संशय बसला की समोरच्यानं शिंकलं तरी त्यात अर्थ दिसतो, आणि हा तर हसला होता.

त्याही आठवड्यात धुळ्याचा फोन नाही. गावात पुनाला कोणीतरी विचारलं म्हणे, तुमच्या पुतणीचं मागं काय झालं होतं. मग तोतारामनं ठरवलं, दुसऱ्याच्या तोंडून काहीबाही कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. म्हणजे, आपल्याला सोयीचं तेवढं.

रविवारी तो बांधावर जाऊन त्या माणसाच्या शेजारी उकिडवा बसला. यावेळी ओठांवर बोट आलं तरी उठला नाही.

"साहेब, तुम्ही कोनाचे मानूस हाये ते मले समजलं," तो हळू आवाजात म्हणाला. "लपून काबर पाहता? मीच सांगतो. पोरीचा साखरपुडा झालता, खरं हाये. पन मोडला तिकडच्यांनी. माह्या पोरीकडून काही नही. तिनं तर हूं की चूं केलं नही."

तो माणूस कोपरांवर उठून त्याच्याकडं बघतच राहिला. त्याच्या मागं, केळीच्या ओळीतून, धुतलेल्या ड्रेसमध्ये भूमिका ट्रे घेऊन आली होती. सुमनबाईनंच पाठवली होती. तिनं ट्रे मातीत ठेवला.

"आबा, तो मी मोडला."

तोताराम उभा राहिला. तिला गप्प करायला हात वर गेला, पण ती थांबणार नव्हती.

"त्याले दर घंट्याले फोटो लागे. कुठी हाये, कोनासंगं हाये, फोटो टाक. म्हनून मोडला. अन् तुमी त्या फोटोच्याच भेवानं मले दर रविवारी घरात कोंडून राह्यले. मंग त्याच्यात अन् तुमच्यात काय फरक?"

मग तो माणूस चाचरत म्हणाला, काका, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. मी भूपेंद्र. दीपनगरला वीज केंद्रात आहे. मला इथलं कोणी माहीत नाही.

खरं सांगायचं तर तोतारामला ते पटलं नाही. त्यानं कॅमेरा दाखवायला सांगितलं. सगळे फोटो, पहिल्यापासून. भूपेंद्रनं पडद्यावर एकेक सरकवत नेले. घाटातल्या पायवाटा, चिखलानं माखलेली सायकल, मग वाळकं केळीचं पान, पुन्हा वाळकं पान, आणि त्याच्या सुरळीच्या आत अंगठ्याएवढं काहीतरी, भडक केशरी, काळ्या पंखांचं, झोपलेलं. वटवाघूळ आहे, भूपेंद्र म्हणाला, आणि त्याचा आवाजच बदलला. याच ओळीत आहे. वाटेत इथं पंक्चर झालं म्हणून टेकलो आणि दिसलं. दिवसभर झोपतं, झोपेत कधीतरी एकदा पंख ताणतं, तेवढ्यासाठी मी पडून राहतो. जवळ गेलं किंवा आवाज झाला तर उडून जाईल, म्हणून लांबून. कोणाला बोललो नाही, कारण कळलं तर फोटोवाले गाड्या घेऊन येतील, पानं हलवतील. सायकलवाल्या मित्रांनाही सांगितलं, गुडघा दुखतो, घाट जमणार नाही. त्यांना वाटतं, मी इकडं कोणाला तरी भेटायला येतो.

तोताराम शेवटच्या फोटोपर्यंत गेला. इतके रविवार अंगण सारवलं, पोरीला कोंडलं, भावाला हाकललं, आणि त्यात घराचं एक कौलसुद्धा आलं नव्हतं. त्याला आधी राग आला आणि मग इतकी लाज वाटली की मान वर होईना. ही ओळ कापणार नाही, एवढंच तो कसाबसा म्हणाला. भूपेंद्रनं हात जोडले आणि गार झालेला चहा मुकाट्यानं पिऊन टाकला.

घरी येऊन तोताराम खाटेवर बसून राहिला. भूमिका आत गेली होती. सुमनबाई काय झालं, काय झालं म्हणून विचारत होती. त्यानं फोन काढला आणि नवलभाऊंना लावला. एक सांगायचं राहून गेलं, असं म्हणून त्यानं साखरपुडा झाला होता आणि मोडला, एवढं सांगून टाकलं.

मग नवलभाऊंनी आवाज उतरवून विचारलं, "आमचा माणूस येऊन गेला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तोताराम चमकला. म्हणजे खरंच आला होता! कोण? बियाण्याचा एजंट? मिक्सर दुरुस्त करणारा? परवा पाणी प्यायला थांबलेले ते दोघं? मन त्यांच्या मागं दाराबाहेर निघालंच होतं. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर भूमिका येऊन उभी राहिलेली त्याला दिसली आणि त्यानं मन मागं ओढलं. येईना का कोणीही.

"कोनी नही सांगतलं, भाऊ. मीच सांगून राह्यलो. साखरपुडा माह्या पोरीनं मोडला." तो म्हणाला. "अन् बरं केलं तिनं."

नवलभाऊ म्हणाले, घरी विचारून कळवतो. तोताराम बरं म्हणाला. फोन ठेवला तेव्हा भूमिका उंबऱ्यावर खाली बसली होती आणि ओंजळीत तोंड धरून रडत होती. गेली दोन वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती, आणि ते तिला धुळ्याला सांगताना ऐकायला मिळालं. तोताराम उठून तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि तेच पुन्हा, तिच्याकडं बघून म्हणाला.