वाचनालयातली खटखट

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच ऐकलं, आज जरा माझंही ऐका!

माझा मुक्काम सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोशांच्या कपाटाशेजारी. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, गाणी वाजवीन, लोक माना डोलावतील. पण पडलो ग्रंथपाल बाईंच्या हाती! "पुस्तकांत नाही ते माणसांकडे असतं," असं म्हणत त्या मला घेऊन दारोदार फिरायच्या. विहिरी खोदणारे, नावाडी, सुईणी, सगळ्यांचं बोलणं त्यांनी माझ्याकडून टिपून घेतलं. अशी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

एकदा आम्ही विणकर आजींकडे गेलो. साडीला वेलीचा काठ विणणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. आवाज स्वच्छ यावा म्हणून बाईंनी त्यांना माग थांबवायला सांगितला.

झालं! आजी नुसत्या आपल्या पायांकडे बघू लागल्या.

"आधी पायाखालची कुठली पावडी दाबता?" बाईंनी विचारलं.

"अगं, मला काय ठाऊक? माझ्या पायांना विचार!"

बाई हसल्या आणि माग चालू करा म्हणाल्या. पाय हलले तशी आजींची जीभही सुटली. पण खडखडाटात निम्मे शब्द बुडाले.

वाचनालयाचे अध्यक्ष ते ऐकून वैतागले. "हा काय गोंगाट! पुसून टाका." बाई "बरं" म्हणाल्या आणि कॅसेट गुपचूप कपाटात ठेवून दिली. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पुढे आजींना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "काठ शिकू की सावकाश," म्हणणारी त्यांची सून हादरली. तिचा नवरा माग विकायला निघाला, तेव्हा ती धावतच वाचनालयात आली.

"बाई, सासूबाईंचं काही आहे का हो तुमच्याकडे?"

बाईंनी ती जपलेली कॅसेट माझ्यात घालून मला तिच्यापुढे ठेवलं. शब्द कळेनात, तशी ती रडवेली झाली. मग तिनं डोळे मिटले आणि टेबलाखाली तिचे पाय हलू लागले.

"बाई, डावी पावडी ढिली आहे, तिचा ठोका जाड येतो! कधी कुठली दाबली ते कळतंय मला!"

मग काय, रोज ऐकायची, घरी जाऊन विणायची, चुकलं की धागे काढायची. शेवटी तिनं आम्हाला घरी बोलावलं. ती मागावर, आजी खाटेवर. एका जागी तिचा पाय चुकला, तोच आजींनी डाव्या हातानं खाटेवर दोनदा थाप मारली. सुनेनं धागा काढून पुन्हा घातला. वेलीचं पान नीट वळलं. आजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, बाईंच्याही. माग विकायचं नाव मग कुणी काढलं नाही.

आता माझा आवाज घरघरतो. बाई सगळं नव्या यंत्रात भरताहेत. भरू देत! माझं एवढंच मागणं आहे: तुमच्या घरात असं कुणी जाणतं माणूस असेल, तर ते बोलतंय तोवर वाचनालयात घेऊन या. त्याला चालवत नसेल तर नुसता निरोप धाडा, बाई आपणहून येतील.