आरोहीची जागा

वनमालानं पहिल्यांदा सरळ नाहीच म्हटलं. बेंबळी गावाच्या पुढच्या एका वस्तीवर ती अंगणवाडी सेविका होती. एक खोली, पंचवीस-तीस पोरं, त्यांची वजनं, लसी, खाऊ, आणि वरून मोबाइलमध्ये भरायची माहिती. अशात एक दिवस शिवरंजनी कडेवर पोरगी घेऊन दारात उभी राहिली.

"बाई, आरोहीला बसवून घ्या की. आता सहावं लागंल तिला."

आरोही वस्तीला माहीत होती. जन्मल्यावर रडायला उशीर झाला, तेवढ्यात मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मान डुगडुगायची, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. बोलणं म्हणजे 'आ' आणि 'न्ना'. समज मात्र चांगली होती. कुणी विनोद केला की सगळ्यांच्या आधी हसायची.

"मला दोनच हात हायेत, शिवरंजनी," वनमाला म्हणाली. "हिला धरून बसू का बाकीच्यांना बघू? घरीच बरी हाय ती."

शिवरंजनी परत गेली आणि आठवड्यानं मैथिलीला घेऊन आली. मैथिली तुळजापूरची, एका संस्थेत अशा मुलांची थेरपिस्ट. दर मंगळवारी स्कूटीवरून या भागातल्या शाळा-अंगणवाड्या फिरायची. तिच्याजवळ अंगणवाडीच्या तालुका कार्यालयाचं पत्र होतं, त्यामुळं वनमालाला नाही म्हणता येईना.

"मॅडम, तुमी आठवड्याला तासभर येणार," ती म्हणाली. "बाकीचे दिवस माझ्याच गळ्यात."

"हो, तुमच्याच," मैथिली म्हणाली. "म्हणून मी जास्त वेळ तुम्हाला शिकवण्यातच घालवणार आहे, ताई."

वनमालाला ते बोलणं काही रुचलं नाही. तिनं आरोहीला भिंतीच्या कोपऱ्यात उशा लावून बसवायला जागा दिली, आणि मंगळवार सोडून तिच्याकडं फारसं बघितलं नाही.

मग एका दुपारी कडूबाईनं, अंगणवाडीच्या मदतनीस बाईनं, आरोहीला मांडीवर आडवं घेऊन खिचडी भरवायला घेतली. घरी शिवरंजनीही तसंच भरवायची. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला आरोहीचा श्वास अडकला. ओठ काळेनिळे पडले. कडूबाई नुसतीच "अगं बाई, अगं बाई" करायला लागली. वनमालानं पोरगी ओढून घेतली, तोंड खाली करून पाठीत जोरजोरात थापट्या मारल्या. घास बाहेर पडला आणि आरोहीनं टाहो फोडला. ते रडणं ऐकून वनमालानं तिला छातीशी घेतलं. ती तिथंच भुईवर बसली. पोरं घास हातात धरून बघत होती.

संध्याकाळी ती शिवरंजनीच्या घरी गेली. "उद्यापासून आणू नको हिला. काही झालं असतं तर?"

शिवरंजनी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "घरीबी ठसका लागतोच की, बाई. रोज लागतो. मग काय जेवायलाच घालू नको?"

वनमाला उठली. घरी येऊन तिनं पहिल्यांदा स्वतःहून मैथिलीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार नसताना मैथिली आली. आरोहीला ताठ बसवलं, पायाखाली पोतं गुंडाळलेली वीट दिली म्हणजे पाय लोंबकळणार नाहीत. खिचडी मऊ, घट्टसर कालवून घेतली. "हनुवटी जराशी खाली. चमचा समोरून, खालून आणायचा. गिळलेलं दिसलं की मगच पुढचा घास. आणि आडवं झोपवून कधीच नाही." दोन घास तिनं दिले आणि चमचा वनमालाच्या हातात ठेवला. वनमालानं चमचा अर्धाच भरला. बाकीची पोरं घरी गेली तरी वाटी संपली नव्हती. पण त्या दिवशी ठसका लागला नाही. दाराशी बसलेल्या शिवरंजनीनं पुढं होऊन चमचा मागून घेतला.

पुढं दगडोबा सुतारानं मैथिलीच्या सांगण्यावरून एक खुर्ची केली. पहिल्या खेपेला पट्टा पोरीच्या गळ्याशी यायला लागला, म्हणून परत नेऊन खाली घेतला. खुर्चीपुढच्या फळीवर पाण्याची आणि ताटाची चित्रं चिकटवली. आरोही पाहिजे त्या चित्राकडं बघायची. वनमालाच्या हे ध्यानात यायच्या आधी पोरांनीच ओळखलं. "बाई, ती पाण्याकडं बघायली!" असं कुणीतरी ओरडायचं आणि दोघं-तिघं पेल्याकडं धावायचे.

थंडीत संस्थेचा प्रकल्प संपला आणि मैथिलीचं येणं बंद झालं.

"आता कसं हो?" वनमालानं फोनवर विचारलं.

"आता तुम्हाला येतं सगळं."

"कुठं येतं?"

"मग अडलं की फोन करा, ताई."

वनमालाला राग आला. शिकवून अर्ध्यावर सोडून गेली, असं ती कडूबाईजवळ दोन-चार दिवस बोलत राहिली. मग अडलं तसा फोन करायला लागली. मैथिली उचलायची.

जूनमध्ये आरोहीच्या बरोबरीची पोरं पहिलीला निघाली. वनमाला शिवरंजनीला घेऊन शाळेत गेली. पहिलीला शिकवणारे अमरनाथ गुरुजी माणूस चांगला. त्यांनी दोघींना बसवलं, चहा मागवला.

"बाई, पोरगी तुमच्याकडं रुळलीय. अजून एक वर्ष ठेवा की. तुमच्याइतकं आमाला जमणार न्हाय."

ते ऐकून वनमालाला बरं वाटलं. खोटं कशाला, तिलाही तेच पाहिजे होतं. शिवरंजनीनंही बरं म्हटलं आणि दोघी परत आल्या.

शाळा सुरू झाली त्या सकाळी नवा गणवेश घालून आरोहीशेजारी बसणारा उत्कर्ष आणि बाकीची पोरं अंगणवाडीवरून गेली. दारातून त्यांनी आरोहीला हाका मारल्या. आरोहीनं हात पुढं टाकला, सगळं अंग ताणलं, खुर्ची पुढं कलंडायला आली. पोरं निघून गेली तशी ती "न्ना, न्ना" करत रडायला लागली. दुपारी तिनं एकही घास घेतला नाही. आजूबाजूला सगळी तीन-तीन वर्षांची नवीन पोरं, त्यांचीही रडारड.

दुसऱ्या दिवशी वनमाला एकटीच शाळेत गेली.

"गुरुजी, तिचं वय झालंय. तुमाला जमंल. सुरुवातीला जेवणाच्या सुट्टीत मी येते."

"आणि ठसका लागला तर?"

"म्हणूनच तर मी येते म्हणतेय. पण भरवायचं तुमी."

गुरुजींनी हजेरीचं पुस्तक पुढं ओढलं. "आणा," म्हणाले.

खुर्ची बैलगाडीतून शाळेत गेली. पहिले काही दिवस दुपारी कडूबाईवर खोली सोपवून वनमाला वर्गात जायची. गुरुजी भरवायचे. "गिळलं का? गिळलं का?" दर घासाला विचारायचे. हळूहळू ते विचारणं थांबलं, मग तिनंही जाणं थांबवलं.

श्रावणात एका दुपारी ती पोरांची वजनं घेत होती, तेव्हा गुरुजींचा फोन आला. वजनकाट्यावरचं पोर कडूबाईकडं देऊन ती बाहेर आली.

"बाई, तुमच्या आरोहीनं आज उत्कर्षचे केस धरले. दोन्ही हातांनी. सोडंचना."

"मग तुमी काय केलं?"

"काय करणार? बाकीच्यांवर रागावतो तसा रागावलो. चुकलं ते चुकलं."

"रडली?"

"लई."

"रडू द्या. पण रडताना घास देऊ नका, गुरुजी. आधी शांत होऊ द्या."

"ते कळतंय हो मला आता," गुरुजी जरा चिडूनच म्हणाले. "उत्कर्षच्या घरच्यांना काय सांगू, ते सांगा."