नळीवरचे नाणे

“नाही म्हणजे नाही,” एल्डन म्हणाला. टेबलावर ठेवलेल्या रिव्हॉल्वरकडे त्याने बघितलेसुद्धा नाही. “पुन्हा विचारलंस तर उत्तर बदलेल असं वाटतंय का तुला?”

“चाप जरा हलका करायचाय, बस. गावभर सांगायची काही गरज नाही.”

“गावभर कशाला? परीक्षेच्या दिवशी सगळ्यांची हत्यारं तपासायला मीच बसतो तिथं. म्हणजे मीच हलका करायचा आणि मीच पास करायचा. छान आहे.”

नॉर्बर्ट स्टॅडलर टोपी हातात धरून उभा होता. ‘बस’ म्हणायला एल्डनने तोंड उघडले नव्हते, आणि उघडणारही नव्हता. पशुखाद्याच्या दुकानामागच्या या शेडमध्ये एल्डन ह्रुस्का बंदुका दुरुस्त करीत असे. सगळ्या काउंटीत हे काम जाणणारा तो एकटाच. आणि नॉर्बर्टचे नशीब असे, की तोच त्याचा मेव्हणा.

नॉर्बर्ट काउंटीच्या कोर्टाच्या मोठ्या दारावर पहारेकरी होता. केस काळे होते तेव्हापासून. दरवर्षी शरद ऋतूत, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, शेरिफच्या खात्याची नेमबाजीची परीक्षा होई. पास होईल तो दारावर राही, नापास होईल तो घरी जाई. बिनबंदुकीचा पहारेकरी कोर्टाला नको होता. आजवर नॉर्बर्टला या परीक्षेची कधी धास्ती वाटली नव्हती. पण गेल्या हिवाळ्यात उजव्या हाताची तर्जनी धरली ती धरलीच. सांधा सुजून अक्रोडाएवढा झाला. रिव्हॉल्वरचा जड चाप ओढताना डोळ्यांत पाणी येऊ लागले.

“मासिकात जाहिराती येतात,” तो म्हणाला. “हलकी स्प्रिंग, तयार सुटे भाग. आजकाल सगळेच बसवतात.”

“बसवतात ना. आणि मग खरंच कुणावर गोळी झाडायची वेळ आली, की वकील उभा राहून विचारतो, याला चाप एवढा हलका कशाला हवा होता? मारायची घाई झाली होती का? रोज त्याच कोर्टाच्या दारात असतोस, एवढंही कानावर पडलं नाही तुझ्या?”

“मी आजवर कुणावर एक गोळी झाडलेली नाही.”

“माहीत आहे. तू फक्त उभा राहतोस. मार्लीन पडली तेव्हाही उभाच होतास.”

आले, शेवटी यायचे तेच आले. मार्लीन म्हणजे नॉर्बर्टची बायको, एल्डनची एकुलती एक बहीण. ती घरात कोसळली त्या दुपारी शेजारणीने कोर्टात फोन केला होता. आत एका खुनाचा खटला चालू होता, बाहेर दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या जिवावर उठलेले. बदली माणूस आल्याशिवाय दार सोडायचे नाही, हा नियम. नॉर्बर्टने सोडले नाही. बदली संध्याकाळी आला. नॉर्बर्ट इस्पितळात पोचला तेव्हा मार्लीनच्या तोंडावर चादर होती आणि शेजारी एल्डन बसला होता.

“तेव्हा दार सोडवलं नाही तुला,” एल्डन म्हणाला. “आता सोड.”

नॉर्बर्टने रिव्हॉल्वर उचलून कातडी म्यानात घातले. “तुझ्या पाया पडायला आलो नव्हतो मी.”

“बरं झालं. पडला असतास तर उठवायला मलाच यावं लागलं असतं.”

घरी येताना नॉर्बर्ट ट्रकमध्ये एकटाच शिव्या देत होता. एल्डनला आणि स्वतःच्या बोटालाही. दार सोड म्हणे. ज्या दारापायी तो मार्लीनच्या उशाशी गेला नाही, ते दारच एका बोटाच्या दुखण्याने सुटायचे असेल, तर त्या दुपारी तो तिथे कशासाठी उभा होता?  जोवर तो दारावर होता तोवर या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नव्हते.

त्याने टपालाने सुटे भाग मागवले. छोटी पुडी आली, सोबत चित्रांचा कागद. मार्लीनने अंथरलेल्या मेणकापडावर रिव्हॉल्वर उघडून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, त्याने चोरासारखे ते काम केले. जुनी स्प्रिंग कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकली.

मग त्याने नाणे काढले. त्या भागात नेमबाजी शिकणाऱ्या प्रत्येकाला बाप नाहीतर मामा पहिल्यांदा हेच शिकवतो. बंदूक रिकामी करायची, नळीच्या टोकाजवळ दहा सेंटचे नाणे ठेवायचे आणि चाप ओढायचा. नाणे पडले तर हात हलला. हिवाळ्यापासून नॉर्बर्टचे नाणे दर वेळी पडत होते, दोन्ही हातांची बोटे चापात घातली तरी पडत होते.

आज चाप लोण्यासारखा मागे आला. घोडा टक्कन पडला. नाणे जागचे हलले नाही.

तो मोठ्याने हसला. रोज जेवण झाले की तो हाच खेळ मांडून बसू लागला. खरी काडतुसे घालून झाडून बघायला तो गेला नाही. नेमबाजीच्या मैदानावर गेले तर एल्डनच्या मित्रांपैकी कोणीतरी भेटणार आणि नको ते विचारणार. शिवाय नाणे पडत नव्हते ना, मग आणखी काय बघायचे?

परीक्षा गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत होती. गार वारा सुटला होता. पोरगेलेसे शिपाई नव्या पिस्तुलांनिशी कॉफी पीत उभे होते. नॉर्बर्टला त्याचे जुने रिव्हॉल्वर वापरायची मुभा होती, पण हत्यार जसे कारखान्यातून आले तसेच असले पाहिजे, ही अट सगळ्यांना सारखीच. सार्जंट बर्गक्विस्ट नावाची बाई परीक्षा घेत होती. टेबलामागे एल्डन बसला होता.

एल्डनने नॉर्बर्टचे रिव्हॉल्वर घेतले, रिकामे आहे ना ते पाहिले, जमिनीकडे रोखून चाप ओढला. आणि थांबला. पुन्हा एकदा ओढला, अगदी सावकाश. मग मान वर करून मेव्हण्याकडे बघितले.



“बोटात फारच जोर आलाय तुझ्या,” एल्डन हळू आवाजात म्हणाला.

 एल्डनने रिव्हॉल्वर त्याच्यापुढे सरकवले.

“पास. चला, पुढचा कोण?”

नॉर्बर्ट टेबलावर वाकला. इतक्या वर्षांत या माणसाकडून त्याला साधा बरा शब्द मिळाला नव्हता. “एल्डन, तुझे फार...”

“माझे आभार मानू नकोस,” एल्डन म्हणाला आणि पुढचे पिस्तूल हातात घेतले.

नॉर्बर्ट रेषेवर उभा राहिला. शिट्टी झाली. पहिली गोळी सुटली, कागदी माणसाच्या छातीत बरोबर बसली. त्याने पुन्हा चाप ओढला. टक. पुन्हा ओढला. टक. आजूबाजूला धडाधड बार उडत होते आणि त्याच्या हातात नुसती टकटक चालली होती. मग एक गोळी सुटली, मग पुन्हा टक. वेळ संपली.

“काडतुसं खराब असतील, नॉर्ब,” बर्गक्विस्ट म्हणाली. “ही दुसरी घ्या. पुन्हा करू.”

दुसऱ्या काडतुसांनीही तेच केले. शिपाई आपापल्या बुटांकडे बघू लागले. एकाला खोकला आला, खरा की खोटा देव जाणे. बर्गक्विस्ट टेबलाकडे वळली.

“हत्यार तुम्ही तपासलं होतं ना, एल्डन?”

एल्डन उठून आला. त्याने रिव्हॉल्वर नॉर्बर्टच्या हातातून काढून घेतले. “स्प्रिंग थकलीय आतली. माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक माझी.”

“उघडून बघायचं का?”

“काय बघायचं त्यात? म्हातारं झालंय ते.”

बर्गक्विस्टने दुसरे एक रिव्हॉल्वर मागवले. त्याचा चाप जसा असायला हवा तसाच जड होता. नॉर्बर्टने दात ओठ खाऊन ओढला, डाव्या हाताचे बोटही घातले. गोळ्या मातीत गेल्या.

“वाईट वाटून घेऊ नका,” बर्गक्विस्ट म्हणाली. “पुष्कळ केलंत तुम्ही.”

ट्रकजवळ त्याने एल्डनला गाठले. “तुला माहीत होतं.”

“पहिल्यांदा चाप ओढला तेव्हाच. असल्या स्प्रिंगनं घोडा काडतुसावर जोरात आपटत नाही. रिकामी बंदूक काय, कशीही टक् करते. नाणं ठेवून बसला असशील रोज.”

“मग टेबलावरच का नाही अडवलंस?”

“अडवलं असतं तर का अडवलं ते लिहावं लागलं असतं. चोरून सुटे भाग घातले म्हणून हाकललं असतं तुला, पेन्शनवर पाणी. नापास झालेल्याला केक कापून निरोप देतात.”

“दया आली होय माझी?”

“तुझी?” एल्डन थुंकला. “तुझ्या पत्रपेटीवर अजून मार्लीनचं नाव आहे. पेन्शन गेली की घर जाणार, आणि त्या पेटीत जप्तीच्या नोटिसा आलेल्या मला चालायच्या नाहीत. आणि खरं सांगू? सगळ्यांसमोर ती टकटक ऐकून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. जुनी स्प्रिंग घेऊन ये, बसवून देतो. त्यानंतर माझ्या शेडकडं फिरकू नकोस.”

त्याने स्प्रिंग बसवून दिली. दिली म्हणजे रिव्हॉल्वर शेडच्या उंबऱ्यावर ठेवून आत निघून गेला.

कोर्टात केक कापला गेला. न्यायाधीशबाईंनी हात हातात घेतला, तेव्हा नॉर्बर्टने दुखरे बोट तेवढे बाजूला ठेवले. संध्याकाळी बदली माणूस आला, अगदी वेळेवर. नॉर्बर्टने दाराच्या किल्ल्या त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि तो पायऱ्या उतरून आला.

घरी येऊन तो मेणकापडापाशी बसला. रिव्हॉल्वर रिकामे असल्याचे त्याने पाहिले, नळीवर नाणे ठेवले, आणि डावा हात मांडीवर ठेवून एकट्या उजव्या बोटाने चाप ओढला. जेवढा जोर होता तेवढा लावला. चाप हलला नाही.

“सुटलो गं मी दारातून,” तो मार्लीनला म्हणाला. “फार उशीर झाला.”

नाणे नळीवर होते तसेच होते.